स्वादुपिंडाचा कॅन्सर आणि हायफू: सीडी नेमकी कोण बघणार, ते आधी विचारा

तुमच्या वडिलांची गाठ रक्तवाहिनीला वेढून बसलीय, सर्जन ऑपरेशनला नाही म्हणालेत, आणि कुणीतरी सुचवलंय की परदेशात हायफू (ध्वनिलहरींनी गाठ जाळायचा उपचार) करून घ्या, काप नाही, टाका नाही, साइड इफेक्ट नाही. ‘हे सुरक्षित आहे का?’ असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या दाजींच्या वेळी आम्ही हेच विचारत फिरत होतो, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या ऑन्कोलॉजिस्टशी बोलूनच घ्या. स्टेज, केमोची नावं हे सगळं तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल, ते सोडून देतो.

‘साइड इफेक्ट नाही’ म्हणणाऱ्याचं पुढचं काही ऐकू नका. हायफूमध्ये ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटतात, तिथलं तापमान 60 अंशांच्या वर जातं आणि गाठीचा तेवढा भाग जळतो. स्वादुपिंड आहे जठराच्या मागे, ड्युओडेनमला (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला) चिकटून आणि कण्याच्या पुढ्यात. वाटेतल्या आतड्यात गॅस असला तर लहरी तिथूनच परततात आणि भलत्याच जागी भाजतं. म्हणून आधी आतडी रिकामी करून घेतात, उपचाराच्या वेळी पाण्याचा फुगा पोटावर दाबून आतडी बाजूला सारतात. एवढं करूनही पोटाची कातडी भाजणं, खालची चरबी कडक होणं, दुखणं, ताप येणं हे होतं. क्वचित स्वादुपिंडाला सूज, आतड्याला भोक, मणक्याला इजा, रक्तवाहिनीत गुठळी यांचीही नोंद आहे. गंभीर प्रकार थोडे आहेत हे खरं, पण ते रुग्ण चाळून घेणाऱ्या केंद्रांमधले. तुमचे वडील त्या चाळणीतून जातात का, हा खरा प्रश्न.

फायदा मुख्यतः दुखण्यावर. 2005 साली चीनमधल्या डॉक्टरांनी 8 रुग्णांचा अनुभव छापला, त्यात सगळ्यांचं पाठदुखणं थांबलं होतं. पुढे जर्मनीत बॉनच्या विद्यापीठ रुग्णालयातही बहुतेकांचं दुखणं बरंच कमी झालं. आयुष्य वाढतं का, याला मोठ्या तुलनात्मक चाचणीचा आधार नाही. अमेरिकेच्या एफडीएने या तंत्राला गर्भाशयाच्या फायब्रॉइडसाठी (कॅन्सर नसलेल्या गाठींसाठी) 2004 मध्ये, हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्यासाठी 2012 मध्ये मान्यता दिली. ‘एफडीए मान्य’ असं माहितीपत्रकात दिसलं तर कशासाठी मान्य, ते विचारा.

आता आमचं काय झालं ते. परदेशी उपचारांची व्यवस्था लावून देणारं एक ऑफिस होतं, नाव लिहीत नाही. काचेचं केबिन, कॉफी, गोड बोलणारी मुलगी. त्यांनी रिपोर्टचे फोटो व्हॉट्सॅपवर मागवले आणि दुसऱ्याच दिवशी ‘पेशंट योग्य आहे’ म्हणून कळवलं. कोण डॉक्टर म्हणाले? ‘आमचं पॅनेल.’ नोंदणी फी घेतली, पावतीवर बारीक अक्षरात ‘परत मिळणार नाही’. वर सल्ला, की केमो आत्ता थांबवा, रक्तपेशी कमी झाल्या तर तिकडे घेणार नाहीत. व्हिसा, मग तिकडची तारीख, मग पुन्हा तारीख, असे आठवडे गेले. ताई रोज फोन करायची, रोज वेगळा माणूस उचलायचा. शेवटी मीच तिकडच्या रुग्णालयाला थेट ईमेल केला तेव्हा कळलं की सीटीची सीडी त्यांना कधी मिळालीच नव्हती! ती पाठवली, आणि लगेच नकार आला. गाठ ड्युओडेनमच्या भिंतीत शिरलेली आणि पित्तनलिकेत धातूचा स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी जाळीची नळी). दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून रिपोर्टमध्ये लिहिलेल्या होत्या. फीचं दुःख केव्हाच ओसरलं. केमोविना गेलेल्या त्या आठवड्यांचा राग अजून जात नाही.

तेव्हा मधल्या माणसाचं ‘योग्य आहे’ मला विचाराल तर रद्दी. जो डॉक्टर स्वतः मशीनवर बसणार त्याने पूर्ण सीटी पाहून, त्याच्या नावासकट लेखी द्यावं: गाठ आतड्यापासून किती लांब आहे, लहरींना वाट मिळते का, स्टेंट चालतो का (धातूच्या स्टेंटबाबत प्रत्येक केंद्राचे नियम वेगळे), आतड्याला भोक पडलंच तर तिथे रात्री सर्जन असतो का. केमो कधी आणि किती दिवस थांबवायची ते फक्त तुमच्या ऑन्कोलॉजिस्टने सांगावं. आणि उपचार भारतात ‘ट्रायल’ म्हणून सुचवला गेला तर सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा. ट्रायल म्हणायचं आणि उपचाराचे पैसेही घ्यायचे, असं असेल तर उठून या.

विम्याचं थोडक्यात. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) 2019 च्या आधुनिक उपचारांच्या यादीत हायफूचं नाव आहे, पण ते गर्भाशयाच्या धमनीच्या उपचाराला जोडून. त्या भरवशावर राहू नका, लेखी पूर्वमंजुरी घ्या, पॉलिसीतली उपमर्यादाही बघा.

दुखणं हेच मुख्य कारण असेल तर आधी सिलियाक प्लेक्सस ब्लॉकबद्दल विचारा. पोटातलं दुखणं मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देतात, आणि त्यासाठी परदेशी जायची गरज नाही. मॉर्फिनला घाबरू नका. पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारी सेवा, म्हटलं की ‘आता काही उरलं नाही’ असं आपल्याकडे समजतात, ते चूक आहे. पुण्याच्या आसपास असाल तर वारज्याच्या सिप्ला केंद्रात ही सेवा मोफत मिळते, केमो चालू असतानाच जाऊन या. आमच्या दाजींना शांत झोप लागली ती ब्लॉकनंतरच.

वडिलांना स्टेंट घातला असेल तर थंडी वाजून ताप आला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. स्टेंट तुंबून जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. आणि शौच तेलकट, तरंगणारं होत असेल तर डॉक्टरांना एन्झाइमच्या कॅप्सूलबद्दल विचारा. त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात, जेवण झाल्यावर नाही. आम्हाला हे डॉक्टरांनी नाही, वॉर्डातल्या एका सिस्टरने सांगितलं.