जुन्या खिडकीच्या चौकटीचा क्रूस

प्रश्न : आमच्या चरईतल्या जुन्या घराचं काम निघालं तेव्हा सागवानी खिडकीची चौकट मी भंगारात जाऊ दिली नाही, त्यातून नाताळसाठी आणि बहिणीला द्यायला भिंतीवरचे क्रूस करायचेत. फक्त खिळे मारून चालेल का, आणि रंग पूर्ण काढू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, चौकट ठेवलीत ते फार बरं केलंत, असा जुना साग आता वखारीत सहज मिळत नाही. नुसता खिळा मारला तर आडवी पट्टी काही दिवसांनी फिरते, म्हणून दोन्ही पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे दोघींनाही जाडीच्या निम्मी खाच पाडा, म्हणजे २० मिमीची पट्टी असेल तर १० मिमी, आणि फेव्हिकॉल लावून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवा. उभी १२ इंच, आडवी ८ इंच, वरून साधारण ४ इंचांवर बसवली की छान दिसतो. खिळे आधी सगळे उपटा, पण त्यांची काळी भोकं बुजवू नका प्लीज, तीच तर त्या घराची खूण!

रंगाचं मात्र जपून, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासू नका, पाणी मारून वॉटर पेपरने (ओला वापरता येतो तो पॉलिश पेपर) घासा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. वाळल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, आणि तेलाचा बोळा चुरगाळून ठेवू नका, आपोआप पेटू शकतो, दोरीवर पसरून वाळवा.