रात्रीचा अर्धा तास, वाचायचं काय? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : जय ख्रिस्त ताई. मी मिरजेची, थोरली सहावीत, धाकटा दुसरीत. रात्री भांडी आवरली की अर्धा तास मोबाईल हातात येतो पण नुसते फॉरवर्ड आणि रील्स, मन भरत नाही. विश्वास, संसार, मुलांचं शिक्षण ह्यावर इंग्लिशमध्ये ढीगभर सापडतं, ते आपलं वाटत नाही. मराठीत काही आहे का?

उत्तर : आहे ना, आणि बरंचसं फुकट आहे. इंग्लिशमधलं पुष्कळसं अमेरिकेतल्या आयांनी तिकडच्या आयांसाठी लिहिलेलं असतं, मुलांना घरीच कसं शिकवायचं वगैरे, आणि आपल्याकडे सकाळी रिक्षावाले काका हॉर्न देतात, डबा, ट्यूशन, सासूबाईंची बीपीची गोळी, त्यात ते बसणार कुठे. वाचू नका असं नाही, पण सुरुवात आपल्या बायकांपासून करा.

पहिल्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ नेटवर शोधलं की मिळतं, त्या १९३६ मध्ये गेल्या आणि आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडात वाढलेली बाई, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, लिहावाचायला शिकल्या त्या लग्नानंतर नवऱ्याकडून. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला तेव्हा लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे परत आल्या तरी नवरा सांगतो म्हणून बाप्तिस्मा नाही घेतला, आधी स्वतःच्या मनातून जातपात गेली आणि मग १९०० मध्ये घेतला. भांडणं, रुसवे, चूल, पोर आणि देव सगळं एकाच पानावर आहे, मला तर कुठल्याही उपदेशाच्या लेखापेक्षा हे जास्त बळ देतं. आणि हे लांबचं नाही हो, त्यांचे यजमान कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तो आमच्या साताऱ्यातच, आपल्या ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातली कितीतरी गीतं त्यांचीच आहेत.

मग पंडिता रमाबाई. त्यांच्याबद्दल वाचा, एकट्या बाईनं मुलगी वाढवली, मुंबईत १८८९ मध्ये विधवा आणि मुलींना शिकवायला शारदा सदन काढलं, पुढे केडगावला निराधार बायकांसाठी मुक्ती मिशन, आणि साध्या बायकांना कळावं म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. शिक्षण आणि विश्वास ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत हे त्यांच्याकडून शिकावं.

रोजच्यासाठी यूव्हर्जनचं बायबल ॲप घ्या, त्यात मराठीची एकाहून जास्त भाषांतरं आहेत, एखादा शास्त्रभाग दोन्हीत वाचला की अडलेलं वचन सुटतं. थोरलीला जवळ घेऊन बायबलमधलं रूथचं पुस्तक वाचा, चारच अध्याय आहेत. आणि पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं २ तीमथ्य १:५ तुम्ही स्वतः वाचा, तीमथ्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता असं पौल लिहितो, घरातल्या बायकांची नावं घेऊन लिहितो.

आता फॉरवर्डचं. लेखकाचं नाव नाही, वचन दिलंय पण अध्याय-ओवी नाही, खाली पैसे पाठवायला नंबर, असं दिसलं की सोडून द्या. ‘प्रार्थना करा आणि औषध बंद करा’ असं कुणी लिहिलं तर पुढे अजिबात पाठवू नका. तुमच्या मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं ते प्रार्थना करणाऱ्या माणसांनीच, त्याच गावात असले मेसेज फिरतात ह्याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : मुलगा इंग्लिश मीडियमला, मराठी वाचायचा कंटाळा करतो. मोबाईलवरच काही देता येईल का? (एक आई, सांगली)

उत्तर : येईल की. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या वेबसाईटवर मोफत आहेत. लहान असेल तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर वेबसाईट, मराठीत चित्रांच्या गोष्टी, लेव्हलप्रमाणे, आणि बऱ्याचदा तीच गोष्ट इंग्लिशमध्येही उघडता येते म्हणजे अडला की पडताळतो. प्रोजेक्टसाठी मराठी विश्वकोश ऑनलाईन आहे, त्याचं काम वाईतून चालतं, मुलाला हे सांगा, सुट्टीत वाईला नेलंत तर आणखी बरं. फक्त मोबाईल त्याच्या हातात देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका, पहिले काही दिवस एक पान तुम्ही वाचा आणि एक त्याला वाचू द्या, चुकला तर लगेच टोकू नका.