वाचकांचे प्रश्न : बाबासाहेबांचा ग्रामपंचायतींना विरोध होता का?

प्रश्न : २४ एप्रिलला आमच्या गावी पंचायत राज दिनाचा कार्यक्रम झाला. एका वक्त्यांनी सांगितले, की डॉ. आंबेडकर ग्रामपंचायतींच्या विरोधात होते आणि घटनेत पंचायती आल्या त्या त्यांच्या मनाविरुद्ध. त्यांच्यानंतर बोलणाऱ्यांनी पंचायत राज ही बाबासाहेबांचीच देणगी असल्याचे सांगितले. ऐकणारे आम्ही गोंधळून गेलो. यात खरे काय समजावे?
— एक ग्रामपंचायत सदस्या, जि. रत्नागिरी

उत्तर : पहिल्या वक्त्यांच्या मनात ४ नोव्हेंबर १९४८ चे भाषण असणार. त्या दिवशी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी, खेडे म्हणजे संकुचित स्थानिक वृत्तीचे डबके आणि अज्ञानाची, कोत्या मनाची व जातीयतेची गुहा यांहून वेगळे काय आहे, असा सवाल केला आणि मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला राज्यघटनेचा घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. राजवटी आल्या-गेल्या तरी ग्रामसंस्था टिकून राहिल्या, हा मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याचा प्रसिद्ध उताराही त्यांनी वाचून दाखवला. पण नुसते टिकून राहण्याला काय मोल, ते कोणत्या पातळीवर टिकले हे पाहायला हवे, असे म्हणून त्यातली हवाच काढून घेतली. सभागृहात अर्थातच खळबळ उडाली. ह. वि. कामत यांनी दुसऱ्याच दिवशी ही शहरी पंडिताची दृष्टी असल्याची टीका केली, आणि पुढे कित्येक सदस्यांनी गांधीजींच्या ग्रामस्वराज्याची आठवण करून दिली.

हे एक वाक्य इतके गाजले, की त्यामागची वीस वर्षे झाकली गेली. खेड्याविषयीचे त्यांचे मत पुस्तकांतून बनले नव्हते. १९२७ पासून मुंबई कायदेमंडळाचे सदस्य म्हणून ते गावगाड्याच्या एकेका प्रश्नावर बोलत होते आणि विधेयकेही मांडत होते. १९२८ मध्ये त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात (वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारी गावकी) दुरुस्ती सुचवली. महाराला वतनापोटी रात्रंदिवस केव्हाही कामाला बोलावले जाई, तो नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला जावे लागे, आणि मोबदला म्हणून मिळे तो जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते. ज्यांना ही चाकरी नको असेल त्यांना पूर्ण सारा भरून जमीन रयताव्याने, म्हणजे इतर शेतकऱ्यांप्रमाणे, राखता यावी आणि बलुत्याऐवजी रोख पट्टी सरकारने साऱ्याबरोबर वसूल करावी, अशी ती दुरुस्ती होती. विधेयक पार पडले नाही. १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. मुंबई राज्यातली कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ च्या अधिनियमाने, म्हणजे विधेयक मांडल्यानंतर ३० वर्षांनी.

आपल्या प्रश्नाशी सर्वांत जवळचे भाषण मात्र ६ ऑक्टोबर १९३२ चे आहे, आणि माझ्या मते ते १९४८ च्या भाषणाआधी वाचायला हवे. पुणे करार होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि कायदेमंडळापुढे ग्रामपंचायत विधेयक होते. डॉ. आंबेडकरांनी दोन मुद्दे लावून धरले. पहिला न्यायदानाचा : जातीने जखडलेल्या, कोणी उच्च व कोणी नीच असेच मानणाऱ्या लोकसमूहातून आलेल्या पंचांकडून साध्या न्यायाची तरी अपेक्षा करता येईल का, असे विचारून त्यांनी पंचायतीला न्यायालयीन अधिकार देण्यास कडाडून विरोध केला. दुसरा मुद्दा प्रतिनिधित्वाचा होता. अस्पृश्य प्रत्येक गावात अल्पसंख्य असल्यामुळे, प्रौढ मतदान दिले तरी त्यांचा माणूस निवडून येणार नाही. म्हणून पंचायतीत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवाव्यात, अशी त्यांची मागणी होती. ज्याला संस्थाच नको असते तो त्या संस्थेत जागा मागत बसत नाही. पंचायत स्थापन झाली म्हणजे गावाला सत्ता मिळाली असे आपण सहज म्हणतो. तेव्हा गाव म्हणजे नेमके कोण, हा त्यांचा प्रश्न होता.

आपण रत्नागिरीच्या आहात, म्हणून खोतीचाही, म्हणजे कोकणात खोत कुळांकडून सारा व खंड वसूल करीत त्या पद्धतीचाही, उल्लेख करतो. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती पद्धत रद्द करणारे विधेयक मांडले. खोतांना वाजवी भरपाई द्यावी आणि जमीन प्रत्यक्ष ज्यांच्या ताब्यात आहे त्या कुळांना जमीन महसूल कायद्याखालील कब्जेदाराचा दर्जा द्यावा, असे त्याचे स्वरूप होते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन आले. (‘आंबेडकर म्हणजे केवळ आरक्षण’ असे समजणाऱ्यांनी या मोर्चात कोण कोण होते ते एकदा पाहावे; कुळांमध्ये कुणबी मोठ्या संख्येने होते.) ते विधेयकही मंजूर झाले नाही आणि खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

आता घटनेकडे. २२ नोव्हेंबर १९४८ रोजी के. संथानम यांनी, राज्याने ग्रामपंचायती स्थापन करून त्यांना स्वराज्याचे घटक म्हणून काम करता येईल असे अधिकार द्यावेत, अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती भाषण न करता, ‘मी ही दुरुस्ती स्वीकारतो’ एवढ्याच शब्दांत स्वीकारली. तेच आजचे अनुच्छेद ४०. तेव्हा ‘मनाविरुद्ध’ म्हणणे जितके चूक, तितकेच ‘देणगी’ म्हणणेही ओढूनताणून आहे. शिवाय हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाता येत नाही. पंचायतींना घटनात्मक बळ मिळाले ते ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्यातील अनुच्छेद २४३-ड पाहा : अनुसूचित जाती व जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा आणि स्त्रियांना किमान एकतृतीयांश, सरपंचपदांसह. १९३२ मध्ये मुंबईच्या सभागृहात मागितलेली गोष्ट ६१ वर्षांनी जवळजवळ सबंध देशाला लागू झाली. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात वक्त्यांनी हे सांगितले तर बरे होईल.

प्रश्न : तुकडेबंदीच्या कायद्यालाही डॉ. आंबेडकरांनी विरोध केला होता असे वाचले. जमिनीचे तुकडे होणे तर शेतीला मारकच आहे. मग विरोध कशासाठी?
— एक शेतकरी वाचक, जि. सातारा

उत्तर : आपण म्हणता तो १९४७ चा कायदा नव्हे. तसाच एक प्रयत्न १९२७ मध्ये झाला होता आणि १० ऑक्टोबरच्या भाषणात त्यांनी त्या विधेयकावर टीका केली. या विषयावर १९१८ मध्येच त्यांनी एक अभ्यासपूर्ण लेख लिहिलेला होता, त्यामुळे युक्तिवाद तयारीचा होता. शेत लहान की मोठे, हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. बैल, अवजारे, भांडवल आणि राबणारे हात यांच्याशी त्याचा मेळ बसतो की नाही, यावर ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याच्याकडे बैलजोडीच नाही त्याला दोन एकरही जास्तच होतात. अशा स्थितीत सरकारने ‘किफायतशीर’ क्षेत्र ठरवून तुकडे एकत्र केले आणि विकले, तर ते पैसेवाला घेईल आणि लहान शेतकरी भूमिहीन मजूर होईल, ही त्यांची भीती होती. त्यांनी सुचवलेला मार्ग सहकारी शेतीचा होता : मालकी ज्याची त्याची, कसणे मात्र एकत्र. जमिनीवर साचलेले जादा हात उद्योगधंद्यांकडे वळल्याशिवाय शेती सुधारणार नाही, हे तर त्यांनी १९१८ च्या लेखातच मांडले होते.

सहकारी शेतीची त्यांची कल्पना आपल्याकडे फारशी रुजली नाही, हे मान्य करायला हवे. वाटणीतल्या भावाला बांधावरून बोलणे जड जाते, तिथे एकत्र कसणे सोपे नव्हतेच. विधेयकाच्या परिणामांचे त्यांचे निदान मात्र मला आजही बिनतोड वाटते.

प्रश्न : ही भाषणे मुळातून कुठे वाचता येतील?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या मालिकेतील दुसऱ्या खंडात मुंबई कायदेमंडळातील भाषणे आहेत आणि तेराव्या खंडात घटना समितीतील. वाचताना केवळ त्यांचे भाषण न वाचता, त्यात ज्या सदस्यांना ते उत्तर देत आहेत त्यांचे म्हणणेही शोधून वाचावे. मध्येच आलेले टोमणे आणि त्यांना दिलेली उत्तरे त्याशिवाय कळत नाहीत.