अभिनयाकडून दिग्दर्शनाकडे वळताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मालिकेतील चालू भूमिका सोडून दिग्दर्शनाकडे वळावे का, हा तुझा प्रश्न गेले काही दिवस माझ्या मनात घोळत आहे. भूमिका इतक्यात सोडू नकोस, असे मला वाटते. ज्या दिवशी तुझे सीन नसतील, त्या दिवशीही दिग्दर्शकाची परवानगी घेऊन सेटवर थांब आणि मॉनिटरपाशी बसून काम पाहा.

अभिनयाकडून दिग्दर्शनाकडे वळलेले कन्नड अभिनेते शंकर नाग यांचे उदाहरण मी तुझ्यासाठी मुद्दाम निवडले आहे. मुंबईत असताना मराठी रंगभूमीशी त्यांचा जवळचा संबंध आला आणि चापेकर बंधूंवरील ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा सहभाग होता. गिरीश कार्नाड यांनी १९७८ च्या आपल्या कन्नड चित्रपटात त्यांना नायकाची भूमिका दिली. पुढे १९८६ मध्ये दूरदर्शनवर आर. के. नारायण यांच्या कथांवरील ‘मालगुडी डेज’ सुरू झाली, तेव्हा दिग्दर्शकाच्या खुर्चीत शंकर नाग होते आणि छोट्या स्वामीच्या वडिलांच्या भूमिकेत कार्नाड! ज्यांच्या हाताखाली आपण कॅमेऱ्यासमोर उभे राहायला शिकलो, त्यांनाच ‘आणखी एक टेक घेऊ’ असे सांगण्याची वेळ तुझ्यावरही येईल, आणि त्या क्षणी आदर व अधिकार दोन्ही सांभाळण्याचे बळ केवळ पूर्वतयारीतून येते. मालगुडी नकाशावर नाही. कर्नाटकातल्या मुसळधार पावसाच्या आगुंबे गावात ते उभे करावे लागले. नट आपल्या जागेवर येऊन उभा राहतो, पण ती जागा तिथे का आहे, याचा विचार त्याच्या आधी कुणीतरी केलेला असतो.

आता माझी एक चूक सांगतो. दिग्दर्शक म्हणून पहिल्या मालिकेत मी प्रत्येक कलाकाराला सीन करून दाखवत असे. मला ते येत होते, वेळ वाचत होता आणि निर्मितीचे लोकही खूश होते. एके रात्री संकलनाच्या टेबलावर एका गुणी अभिनेत्रीचा क्लोजअप पाहताना तिने मान वळवण्याआधी घेतलेला थांबा मला ओळखीचा वाटला. तो माझा होता. त्याच भागातल्या तिच्या सासऱ्यानेही तसाच थांबा घेतला होता. नटाकडून आलेल्या दिग्दर्शकाला हा मोह सर्वांत आधी होतो आणि सर्वांत उशिरा सुटतो. म्हणून कलाकाराला करून दाखवू नकोस. त्या पात्राला समोरच्याकडून काय हवे आहे, एवढेच सांग आणि थांब. संवाद जड का जातो, तोच भाव सातव्या टेकला का विझतो, हे तुला अनुभवाने ठाऊक आहे, आणि त्या ज्ञानाचा खरा उपयोग धीर धरण्यासाठी आहे.

दैनंदिन मालिकेत धीराला जागा कुठे, असे तू विचारशील. अर्ध्या तासाच्या भागासाठी साधारण बावीस मिनिटांचा मजकूर लागतो आणि तो रोज द्यावा लागतो, हे खरे आहे. त्यासाठीच संकलकाजवळ बसायला शीक, कारण कोणता शॉट घ्यायची गरजच नव्हती, हे तिथेच कळते आणि सेटवरचा वेळ त्यातूनच वाचतो. लेन्स आणि प्रकाशयोजना तू छायाचित्रकाराकडून हळूहळू शिकशील, त्याची आज काळजी करू नकोस.

पुढच्या रविवारी घरी ये. येताना तुमच्या मालिकेतला एक सीन शॉटवार लिहून आण, मात्र ज्यात तुझी भूमिका नाही असाच सीन निवड.

तुझा,
काका