कॉम्प्युटर बदलला, लायसन्सचं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे दुकानांत, पतपेढ्यांत आणि घराघरांत निमूटपणे चाललेले कितीतरी पीसी एका तारखेत म्हातारे ठरले. तेव्हापासून येणाऱ्या प्रश्नांत एकच सूर आहे: नवीन मशीन घेतलं, पण जुन्यातलं सॉफ्टवेअर पैसे देऊन घेतलेलं आहे, ते परत विकत घ्यायचं का?

कुठल्याही माहितीपत्रकात याचं उत्तर एका ओळीत मिळतं: जुन्या कॉम्प्युटरवरून लायसन्स काढा, नव्यावर घाला. पण आपल्या कोकण किनाऱ्यावर कॉम्प्युटर सांगून जात नाही. खाऱ्या हवेनं बोर्डावर गंज चढलेला असतो, मे महिन्यात वळीव गडगडतो, गेलेली लाईट दणक्यासरशी परत येते आणि मशीन कायमचं गप्प होतं. मग 'जुन्यावरून काढा' म्हणजे कशावरून? म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत मी आधी एकच विचारणार आहे: लायसन्स कुणाच्या ईमेलवर आहे?

प्रश्न: चिपळूणला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. जुलै २०२१ च्या पुरात पहिला पीसी गेला. तेव्हाच्या अकाउंटंटनं धावपळ करून नव्या पीसीवर टॅली चालू करून दिली. आता तोही बदलतो आहोत. टॅली सिल्व्हर आहे. अकाउंटंट नोकरी सोडून पुण्याला गेला. डेटा आणि लायसन्स दोन्ही नव्यावर कसं न्यायचं?

आधी एक गैरसमज काढून टाकू. डेटा आणि लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटा म्हणजे कंपनीचं फोल्डर. ते पेन ड्राईव्हवर कॉपी करून किंवा टॅलीतूनच बॅकअप घेऊन नेता येतं. लायसन्स म्हणजे तुमचा सिरियल नंबर आणि त्याला जोडलेलं ईमेल खातं. फोल्डर कॉपी केलं म्हणून लायसन्स पाठोपाठ येत नाही. नव्या मशीनवर टॅली उघडते, पण एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे लायसन्सशिवाय शिकण्यापुरती, आणि व्हाउचरला फक्त महिन्याची १, २ आणि ३१ या तारखा घेते. 'टॅली बिघडली, तारीखच घेत नाही' अशी तक्रार आली की ऐंशी टक्के काम तिथेच कळतं.

तुमचा सध्याचा पीसी चालू आहे हे बरं आहे. त्यावर टॅलीप्राइममध्ये एफ-१ दाबून हेल्प उघडा, सेटिंग्जमध्ये लायसन्सचा भाग आहे, तिथे 'सरेंडर'. इंटरनेट चालू हवं. सरेंडर झालं की नव्या मशीनवर टॅली इन्स्टॉल करा आणि तोच सिरियल नंबर घालून अॅक्टिव्हेट करा. सिल्व्हर एका वेळी एकाच मशीनवर चालते, म्हणून हा क्रम उलटा करू नका. दुकानात येणारा मुलगा कामाच्या घाईत आधी फॉर्मॅट मारतो आणि मग विचारतो, 'टॅली होती का यात?'

फॉर्मॅट झालंच, किंवा मशीन पाण्यात गेलं, तरी सगळं संपत नाही. 'रीसेट लायसन्स' याच कामासाठी आहे. जुनं मशीन हातात नसताना सिरियल नंबर मोकळा करून मिळतो. पण त्यासाठीची किल्ली नोंदवलेल्या ईमेलवर येते, आणि सरेंडरलाही त्याच खात्याचा पासवर्ड लागतो. तुमच्या बाबतीत ते ईमेल पुण्याला गेलं आहे.

म्हणून मशीनला हात लावण्याआधी त्या अकाउंटंटला फोन करा. गोड बोला, वाकडं काही झालं असलं तरी. खात्यात शिरून मुख्य ईमेल बदलून दुकानाचं घालायला सांगा. दुकानाचं म्हणजे मालकाचं किंवा फर्मचं, आत्ताच्या अकाउंटंटचं नव्हे. तो फोन उचलत नसेल तर मूळ बिल आणि फर्मची कागदपत्रं घेऊन कंपनीच्या सपोर्टला किंवा अधिकृत पार्टनरला गाठा. ईमेल बदलून मिळतं, पण वेळ जातो. जीएसटी रिटर्न भरायच्या आदल्या दिवशी हे सुरू करू नये.

आणखी एक. टीएसएस, म्हणजे दर वर्षी भरायची वर्गणी, संपली असली तरी तुमचं लायसन्स कायमचं आहे. फक्त नव्या मशीनवर सगळ्यात ताजी आवृत्ती उतरवू नका. वर्गणी चालू असताना जी आवृत्ती निघाली होती तीच घाला, नाहीतर लायसन्स असूनही ती चालणार नाही. नूतनीकरण करायला माझी ना नाही, उलट जीएसटीच्या बदलांसाठी ते करावंच. पण 'नूतनीकरण केलं नाही तर तुमची टॅली गेली' असं कुणी घाबरवलं तर घाबरू नका.

प्रश्न: गुहागरला होमस्टे आहे. मुलानं लॅमिंग्टन रोडवरून असेंबल्ड पीसी आणला, त्यात विंडोज नाही. आमच्या जुन्या लॅपटॉपच्या पोटाला विंडोज ७ चा स्टिकर आहे. त्यावरची की, म्हणजे लायसन्सचा नंबर, चालेल का? नाहीतर ऑनलाईन पाचशे रुपयांत की मिळते, ती घेऊ का?

स्टिकरवरची की चालणार नाही, दोन कारणांनी. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज ओईएम असतं, म्हणजे ते त्या लॅपटॉपचं. लॅपटॉप मोडीत गेला की तेही गेलं. दुसरं, विंडोज ७ आणि ८ च्या की वापरून नवं विंडोज अॅक्टिव्हेट करण्याची जी वाट उघडी राहिली होती, ती मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

विंडोज ८ पासून लॅपटॉपवर की छापलेला स्टिकर येतच नाही, की बोर्डावरच्या चिपमध्ये असते. त्याच लॅपटॉपवर विंडोज पुन्हा टाकलं तर ते की आपोआप उचलतं. वॉरंटीत कंपनीनं बोर्ड बदलून दिला तर लायसन्स पुढे चालतं. बाहेर स्वस्तात दुसराच बोर्ड टाकून घेतला तर ते चालेलच असं धरून चालू नका.

नव्या पीसीवर नेता येतं ते रिटेल विंडोज, म्हणजे वेगळं बिल करून घेतलेलं. तेही एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर. ते तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवा. उद्या त्याच पीसीचा बोर्ड जळाला तर बदलल्यानंतर अॅक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूटर उघडून 'हार्डवेअर नुकतंच बदललं' हा पर्याय निवडता येतो. खातं जोडलेलं नसेल तर हा पर्याय उपयोगाला येत नाही.

आता पाचशेची की. विकणारा तिला 'लाइफटाइम' म्हणतो. पुष्कळदा ती एखाद्या कंपनीच्या किंवा कॉलेजच्या घाऊक लायसन्समधून गळलेली असते. पीसीवर कुणी आधीच विंडोज घालून दिलं असेल तर ते कुठल्या जातीचं आहे हे स्वतः तपासता येतं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर, मग एक मोकळी जागा, मग पुढे झुकलेली तिरकी रेघ, मग डी-एल-आय टाईप करून एंटर मारा. येणाऱ्या खिडकीत 'रिटेल', 'ओईएम' किंवा 'व्हॉल्यूम' असा शब्द दिसेल. घरच्या पीसीवर 'व्हॉल्यूम' दिसलं तर पैसे परत मागा. त्यातला केएमएस नावाचा प्रकार तर १८० दिवसांसाठीच अॅक्टिव्हेट होतो आणि संस्थेच्या सर्व्हरला भेटून मुदत वाढवून घेत राहतो. तो सर्व्हर तुमच्या होमस्टेमध्ये नाही. आणि 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगणारं अॅक्टिव्हेटर कुणी पेन ड्राईव्हवर घेऊन आला तर त्याला चहा पाजा आणि पेन ड्राईव्हसकट परत पाठवा. तुमच्या त्या पीसीत पाहुण्यांची ओळखपत्रं आहेत.

प्रश्न: जुनो लॅपटॉप भाच्याक दिलंय. ऑफिस त्येच्यातच ऱ्हवलां. आता नव्यार कसां घेवचां? (देवगड, आंबा बागायतदार)

ऑफिस कसं आलं होतं त्यावर आहे. लॅपटॉपबरोबर फुकट आलेलं 'होम अँड स्टुडंट' असेल तर ते त्या लॅपटॉपला बांधलेलं आहे. ते भाच्याकडेच राहू दे, फक्त त्यातून तुमचं मायक्रोसॉफ्ट खातं काढून घ्या. नाहीतर तुमच्या पेट्यांचे हिशेब भाच्याच्या कॉलेजभर फिरतील.

वेगळे पैसे देऊन एकदाच घेतलेलं ऑफिस असेल तर ते तुमच्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येतं, मात्र ९० दिवसांत एकदाच. मशीन बिघडलं असेल तर ही अट आड येत नाही. भाच्याच्या लॅपटॉपवरून ते काढून टाकायचं, आणि ज्या खात्यात नोंदवलं होतं त्याच खात्यानं नव्यावर उतरवायचं. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी असेल तर काहीच करायला नको, एका माणसाला पाच उपकरणांपर्यंत साइन इन चालतं.

यातलं काहीच नसेल आणि काम फक्त पेट्यांची यादी, वाहतूक आणि बिलं एवढंच असेल, तर लिब्रेऑफिस घ्या. फुकट आहे, एक्सेलच्या फायली उघडतं, मराठीतही मिळतं.

प्रश्न: कुडाळला लग्नपत्रिका, गणपतीचे बॅनर, दशावताराची हँडबिलं करतो. श्रीलिपी हे मराठी फाँटांचं सॉफ्टवेअर आणि पानं मांडायचं पेजमेकर ७, यांवर सगळी कामं आहेत. नव्या लॅपटॉपवर हे जाईल का?

श्रीलिपीचं लायसन्स म्हणजे तुमच्याकडचं ते डोंगल, कॉम्प्युटरच्या पोर्टात लावायचं किल्लीसारखं छोटं उपकरण. यूएसबीचं असेल तर नव्या मशीनवर आधी त्याचा ड्रायव्हर घाला, तोही विंडोज ११ ला चालणारा, मग डोंगल लावा. जुन्या सीडीतला ड्रायव्हर बहुधा चालणार नाही. डोंगल प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसणारं जुनं असेल तर नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. बाजारात मिळणारी यूएसबी टू प्रिंटर केबल प्रिंटरसाठी असते, डोंगलसाठी नाही, तिच्यावर पैसे घालवू नका. श्रीलिपी बनवणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडे चौकशी करून बदलून मिळतं का ते बघा. डोंगल हरवलं तर 'बिल आहे' एवढ्यानं नवं मिळेल हे गृहीत धरू नका. ते कीबोर्डशेजारी लोंबकळत ठेवण्याची वस्तू नाही.

पेजमेकर ७ हे २००१ चं. त्या काळी ऑनलाईन अॅक्टिव्हेशन नव्हतं, सिरियल नंबर घातला की झालं. त्यामुळे लायसन्सची अडचण नाही, अडचण वयाची आहे. विंडोज ११ वर ते कुठे चालतं, कुठे प्रिंट देताना कोसळतं. माझा सल्ला: जुना पीसी विकू नका. इंटरनेट काढून तसाच ठेवा आणि जुन्या फायलींसाठी वापरा. दरम्यान नवी कामं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनला मराठी म्हणून कळणाऱ्या अक्षरांत, सुरू करा. जुन्या फाँटातला मजकूर म्हणजे मशीनच्या लेखी मराठी नव्हेच, इंग्रजी अक्षरांच्या जागी चढवलेली चित्रं आहेत. फाँट गेला की पत्रिकेतल्या आजोबांचं नावही गेलं. पेजमेकरच्या फायली अडोबीच्याच इनडिझाइनमध्ये उघडायच्या असतील तर सीएस-६ (क्रिएटिव्ह सूट ६) पर्यंतच्या आवृत्त्या त्या उघडतात, नंतरच्या क्रिएटिव्ह क्लाउडच्या उघडत नाहीत. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा मागतं अशा फायलींच्या पीडीएफ आजच काढून ठेवा, गणपतीच्या गर्दीत ते होणार नाही.

प्रश्न: मालवणात फोटोग्राफी करतो. लॅपटॉप होडीतून पाण्यात गेला, मिळाला नाही. फोटोशॉपची वर्गणी चालू आहे. साइन आऊट करायला लॅपटॉपच नाही. घरी क्रिएटिव्ह सूट ३ ची जुनी सीडीपण आहे.

वर्गणी तुमच्या खात्यावर आहे, लॅपटॉपवर नाही. दोन कॉम्प्युटरवर ती अॅक्टिव्ह राहते. तिसऱ्यावर साइन इन केलंत की आधीच्यांतून साइन आऊट करायचं का, असं तेच विचारतं. हो म्हणा. पासवर्ड मात्र बदला, समुद्रात गेलेलं कधी कुणाच्या जाळ्यात येईल सांगता येत नाही. सीएस-३ चा नाद सोडा, त्याचे अॅक्टिव्हेशन सर्व्हर अडोबीनं बंद केले आहेत, मूळ सीडी आणि नंबर असूनही ते चालू होणार नाही.

प्रश्न: मंडणगडला सरकारी कामांचे ठेके घेतो. डिजिटल सही नव्या लॅपटॉपवर ट्रान्सफर करायला पंधराशे रुपये मागतात. बरोबर आहे का?

सही टोकनमध्ये, म्हणजे पेन ड्राईव्हसारख्या त्या यूएसबी उपकरणात आहे, लॅपटॉपमध्ये नाही. ट्रान्सफर करण्यासारखं त्यात काही नाही. टोकनच्या कंपनीचा ड्रायव्हर आणि पोर्टलला लागणारं सही करायचं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर घालायचं, एवढंच काम. त्याची मजुरी द्या, पण रक्कम ठरवताना हे लक्षात असू दे. पिन आठवत नसेल तर अंदाजानं मारत बसू नका, काही चुकांनंतर टोकन लॉक होतं आणि बहुधा सही नव्यानं काढावी लागते. टेंडर भरायची शेवटची तारीख तोंडावर असताना ते परवडत नाही.

प्रश्न: देवरुखला राहतो, निवृत्त शिक्षक आहे. अँटिव्हायरसची मुदत अजून आठ महिने आहे. नव्या लॅपटॉपवर ती फुकट जाईल का?

जाणार नाही सर, बहुतेक कंपन्या उरलेले दिवस नव्या मशीनवर धरतात. इंटरनेट चालू ठेवून जुन्यावरून ते काढा, नाहीतर कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या खात्यातून जुना लॅपटॉप वगळा. मग तीच की नव्यावर घाला. नव्या लॅपटॉपबरोबर दुसऱ्याच कंपनीचा ट्रायल आला असेल तर तो आधी काढून टाका, दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवायचे नसतात. आणि आठ महिने संपल्यावर दुकानदाराचा फोन येईल तेव्हा घाई करू नका. विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून असतो, आणि मेल, बातम्या, पेन्शनचं पान एवढ्या वापराला तो पुरतो.