कॉम्प्युटराइज्ड दुर्बीण ठेवावी की परत करावी, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: खारघरला आठव्या मजल्यावर राहता, सातवीतल्या मुलीसाठी १३० मिमी आरशाची, आपोआप तारे शोधणारी दुर्बीण घेतलीत. देवयानी दीर्घिका म्हणजे नुसता पुसट डाग दिसतो, गो-टू दिलं (म्हणजे यादीतून वस्तू निवडून दुर्बिणीला आपोआप तिकडे वळायला सांगितलं) की दुर्बीण भलतीकडे जाऊन थांबते, आणि चित्र थरथरत राहतं. परत करायला दहा दिवसांची मुदत, त्यातले चार गेले. माल खराब आहे का?

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो आणि सहा वर्षं याच मापाची दुर्बीण गच्चीवर नेतोय. ओळखीतल्या चार-पाच जणांच्या नव्या दुर्बिणीही तपासून दिल्यात. तुमच्या तीन तक्रारींपैकी एकही आरशाची नाही. आरसा वाईट निघाला तर तुमच्या हातात काही नसतं. बाकीचं बहुतेक सगळं घरच्या घरी सुधारतं. म्हणून उरलेल्या सहा दिवसांत आधी आरसा तपासा. कॉम्प्युटरचं नंतर बघू.

त्यासाठी बाल्कनी सोडून सोसायटीच्या गच्चीवर जा. बाल्कनीत खालच्या मजल्यांवरच्या एसीची गरम हवा वर येत असते, तापलेल्या भिंती रात्री उशिरापर्यंत ऊब सोडतात, आणि त्या हवेतून ताऱ्याचं चित्र उकळल्यासारखं दिसतं. दुर्बीण एसीच्या खोलीत असेल तर पाऊण तास आधी बाहेर ठेवा. अलाइनमेंट (ओळखीचे तारे दाखवून दुर्बिणीला दिशा समजावणं) वगैरे काही करू नका, बाणांच्या बटणांनीच फिरवा. नळी आडवी हाताने ढकलायची नाही, गियर दुखावतात.

सध्या डिसेंबर आहे, तेव्हा साडेनऊ-दहानंतर ईशान्येकडे ब्रह्महृदय (कॅपेला) हा ठळक तारा चांगला वर आलेला असेल. ध्रुव घेऊ नका. आपल्याकडून तो जेमतेम १९ अंशांवर असतो आणि तेवढ्या खालची हवा फार गढूळ. ब्रह्महृदय मधोमध आणा, ९ मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावा. तुमच्या दुर्बिणीची फोकल लेंग्थ (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) ६५० मिमी असेल, म्हणजे साधारण ७२ पट मोठं चित्र. (कोणाकडून ५ मिमीचा आयपीस मिळाला तर आणखी चांगलं, १३० पट.) आता फोकसचं चाक किंचित आत फिरवा. ताऱ्याची गोल चकती होईल, तिच्यात कड्या दिसतील आणि मध्ये काळं भोक. ते भोक म्हणजे पुढच्या छोट्या आरशाची सावली. मग फोकसमधून जाऊन तितकंच बाहेरच्या बाजूला फिरवा आणि दोन्ही चकत्या मनात शेजारी ठेवा.

भोक एका बाजूला सरकलेलं दिसलं तर आरसे एका रेषेत नाहीत, एवढंच. कुरिअरच्या धक्क्यांनी हे होतंच. मागच्या स्क्रूंनी ते जुळवता येतं, त्याला कोलिमेशन म्हणतात, आणि मुलीला हे शिकवलंत तर ती तुमच्यापेक्षा लवकर शिकेल. चकती तिकोनी दिसली तर आरशाच्या क्लिपा जास्त आवळल्यात. त्या किंचित सैल करायच्या.

चकती मात्र आत लांबट आणि बाहेर गेल्यावर काटकोनात फिरून पुन्हा लांबट झाली, तर सावध व्हा. आधी डोकं तिरकं करून बघा. लांबटपणा डोक्याबरोबर फिरला तर दोष तुमच्या डोळ्याचा, चष्मा लावून बघा. कोलिमेशन करूनही तो जागचा हलला नाही, तर आरसा वाकडा आहे किंवा ताणात बसवलाय. क्लिपा सैल करूनही फरक पडत नसेल तर परत करा. तसंच, गार झालेल्या आणि जुळवलेल्या दुर्बिणीत, डोक्याशी आलेला तारा कुठेच टिंबासारखा मिटत नसेल, नेहमी कापसाच्या बोंडासारखाच राहत असेल, तरीही परत करा.

यानंतर एक आनंदाची परीक्षा. रात्री अकरानंतर पुनर्वसूतला कॅस्टर पाहा. दुर्बिणीतून तो एक नव्हे, दोन तारे दिसतो, एकमेकांपासून पाचेक सेकंदांवर (कोनाच्या सेकंदांवर, घड्याळाच्या नव्हे). १३० मिमीच्या धड आरशात शंभरेक पटीला ते दोन स्वच्छ टिंबं म्हणून सुटतात. माझ्या भाचीने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तिने आयपीसवरून डोळाच काढला नाही, मला माझ्याच दुर्बिणीसाठी रांगेत उभं राहावं लागलं.

आरशावर टॉर्च मारून बघू नका. टॉर्चच्या उजेडात कुठलाही आरसा धुळीने बरबटलेला दिसतो, आणि त्या धुळीने चित्रात काही बिघडत नाही. एक गोष्ट मात्र खोक्यावर वाचाच: नळी अर्ध्या मीटरची आणि फोकल लेंग्थ १००० मिमी लिहिली असेल, तर फोकसरमध्ये (आयपीस बसतो त्या सरकत्या नळीत) जास्तीचं भिंग बसवलेलं असतं. अशा स्वस्त दुर्बिणी जुळवणं नवख्याला फार जड जातं, त्या मी कोणाला घ्यायला सांगत नाही. तुमची तशी वाटत नाही. खोक्यावर ‘५०० पट’ वगैरे छापलं असेल तर तिकडे लक्ष देऊ नका. १३० मिमीला २६० पट ही वरची हद्द, आणि आपल्या हवेत दीडशेच्या पुढे जाणाऱ्या रात्री थोड्याच.

आता थरथर. ७२ पटीला नळीवर बोटाने टिचकी मारा आणि मोजा. दोन-तीन सेकंदांत चित्र स्थिर झालं तर या किमतीत ते चांगलं. पाच-सहा सेकंद लागले तर ट्रायपॉडचे पाय पूर्ण आत घ्या, खुर्चीवर बसून बघा, आणि मधल्या ताटलीला पाण्याचा पाच लिटरचा कॅन लटकवा. माझी थरथर याने निम्म्यावर आली. बाल्कनीच्या स्लॅबवर कोणी चाललं तरी चित्र नाचतं, तो दोष इमारतीचा.

भलतीकडे थांबणं. याबाबत मला स्वतःला फार चुटपुट लागलेली आहे, कारण माझी पहिली दुर्बीण मी याच तक्रारीने परत पाठवली होती. नंतर कळलं की कंट्रोलरमध्ये (बटणांच्या रिमोटमध्ये) तारीख अमेरिकी पद्धतीने, आधी महिना मग दिवस, अशी द्यायची असते. मी ५ डिसेंबर म्हणून ०५/१२ दाबलं, त्याने १२ मे समजलं. मृग समोर चढत असताना तो मला स्वाती शोधायला सांगत होता. दुर्बीण निर्दोष होती.

दुसरी अडचण खास आपल्या देशाची. काही कंट्रोलरमध्ये अर्ध्या तासाचा टाइम झोन नसतो. साडेपाच मिळत नसेल तर पाच निवडा आणि घड्याळ अर्धा तास मागे द्या. रात्रीचे आठ वाजले असतील तर साडेसात. आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणजे अर्ध्या तासाची चूक साडेसात अंशांची, पौर्णिमेचे पंधरा चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढी. ‘डेलाइट सेव्हिंग’ बंद ठेवा. ठिकाण खारघरसाठी साधारण १९ अंश ३ मिनिटं उत्तर, ७३ अंश ४ मिनिटं पूर्व.

अलाइनमेंटचे तारे एकमेकांपासून लांब हवेत. तुमची बाल्कनी एकाच दिशेला उघडत असणार, मग सगळे तारे त्याच बाजूचे निवडले जातात आणि दुसरीकडे वळताना चूक वाढते. गच्चीचा दुसरा फायदा हाच. प्रत्येक तारा ९ मिमीच्या आयपीसमध्ये मधोमध आणा आणि शेवटची दोन बटणं नेहमी वर आणि उजवीकडे हीच दाबा, म्हणजे गियरमधला ढिलेपणा एकाच बाजूला राहतो. बटण दाबल्यावर तारा क्षणभर थांबून मग हलतो, तो हाच ढिलेपणा, थोडा असणारच.

आणि आठ पेन्सिल सेलवर निकाल देऊ नका. सेल उतरले की ही यंत्रं वेड्यासारखी गरगरतात. पुस्तिकेत सांगितलेला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावा.

एवढं केल्यावर २५ मिमीच्या आयपीसमध्ये, चित्राच्या कडेला का होईना, सांगितलेली वस्तू आली तर गो-टू पास. त्या आयपीसला जवळपास दोन अंश आकाश दिसतं, त्याहून जास्त अचूकता या वर्गात मागू नये. ट्रॅकिंगही (ताऱ्यामागे आपोआप सरकत राहणं) तपासा: ७२ पटीला, मोटर बंद असेल तर मधोमध आणलेला तारा दीडेक मिनिटात कडेबाहेर जातो. पंधरा मिनिटांनीही तो आत असेल तर मोटर नीट चाललीय.

राहिली देवयानी. खारघरहून ती डागासारखीच दिसते, माझ्या गच्चीवरूनही. पाम बीच रोडपासून पनवेलपर्यंतचा सगळा उजेड तिच्यावर पसरलेला असतो, आणि फोटोत दिसते ती अनेक मिनिटांच्या एक्स्पोजरची करामत. अमावास्येच्या आसपास एकदा बदलापूरच्या पुढे वांगणीला जा. खगोल मंडळ या हौशी संस्थेचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तिथे होतात, शेजारी दुसऱ्यांच्या दुर्बिणी असतात, आणि दोन आयपीसमधून एकच वस्तू पाहण्याइतकी खात्रीची तुलना कुठलीच नाही.

मुलीला एकच गोष्ट दरडावून सांगा: दिवसा दुर्बीण कधीही सूर्याकडे वळवायची नाही, फाइंडरसुद्धा (नळीवरचा नेम धरायचा छोटा शोधक) नाही. आणि ठेवली तर जूनच्या आधी झाकणबंद डब्यात, सिलिका जेल घालून ठेवा. आपल्या पावसाळ्यात आयपीसला बुरशी धरते.

शनिवारी रात्री ब्रह्महृदयाची तपासणी करा. चकती लांबट निघाली तर मोबाइल आयपीसला टेकवून फोकसच्या आतला आणि बाहेरचा, दोन्ही फोटो काढून ठेवा. ‘नीट दिसत नाही’ एवढ्यावर विक्रेता ऐकत नाही, फोटोपुढे ऐकतो. ते इथे टाकलेत तर मीही बघून सांगेन.