‘केमिस्ट्री हिच्या डोक्यातच शिरत नाही’

‘मॅडम, दहावीला विज्ञानात 91 होते हिला. आता बारावीच्या पहिल्या चाचणीत केमिस्ट्रीला 25 पैकी 4. खरंच समजत नाही की मोबाइल बघत बसते, तेवढं काढून घ्या तिच्याकडून.’

पावसाळा सुरू झाला की असं एखादं वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येतंच. कधी फिजिक्स असतं, कधी गणित, पण केमिस्ट्री जास्त वेळा. ही मायलेकींची जोडी नाशिकची. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आई सातपूर एमआयडीसीत एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे देते. मुलगी मराठी माध्यमातून दहावी झालेली. अकरावीला सायन्स घेतलं आणि एका उन्हाळ्यात रेणुवस्तुमानाचं मॉलिक्युलर मास झालं, संयुजेची व्हॅलन्सी झाली. पहिला धडा पंधरा दिवसांत उरकला होता. मोल (डझनासारखं, पण अणू-रेणू मोजायचं माप) म्हणजे काय, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही, आणि नंतर तर विचारायची लाजच वाटायला लागली.

पहिल्या भेटीत मी माझं ठरलेलं काम केलं. झोप, भूक, पेपर हातात आला की पोटात येणारा गोळा, याबद्दल बोललो. श्वासाचा व्यायाम शिकवला. आठवड्याने ती आली आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, ‘श्वास छान जमतो मॅडम. पण गणित सुटत नाहीच.’

मला हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली. भीती खरी होती, पण भीतीखाली एक न सुटलेलं गणित होतं. माझी पदवी रसायनशास्त्राची, म्हणून म्हटलं, पुढच्या वेळी उत्तरपत्रिका घेऊन ये. लपवू नकोस, लाल शेऱ्यांसकट आण.

त्यात एक प्रश्न होता: 10 ग्रॅम हायड्रोजन आणि 32 ग्रॅम ऑक्सिजन यांच्यापासून किती पाणी तयार होईल? तिने लिहिलं होतं, ‘10 हे 32 पेक्षा कमी, म्हणून हायड्रोजन आधी संपेल.’ सरांनी फुली मारून पुढे ‘कन्सेप्ट क्लिअर करा’ लिहिलेलं. कोणता कन्सेप्ट, ते लिहिलं नव्हतं. असे शेरे वाचून मला शिक्षकांचाच राग येतो कधीकधी.

मी केमिस्ट्री बाजूला ठेवली. ‘आईच्या डब्यात काय असतं?’

‘चार पोळ्या, एक वाटी भाजी.’

‘60 पोळ्या झाल्यात आणि भाजी 12 वाट्याच आहे. डबे किती?’

‘बारा. बारा पोळ्या उरतील.’ एका सेकंदात.

‘पोळ्या जास्त होत्या की भाजी?’

‘पोळ्या. पण संपली भाजी.’ आणि ती थांबली. पुन्हा उत्तरपत्रिकेकडे बघितलं. ‘म्हणजे इथे ग्रॅम बघायचेच नाहीत?’

बघायचे, पण आधी त्यांची मोजदाद करायची. हायड्रोजनचा एक मोल 2 ग्रॅमचा, म्हणजे 10 ग्रॅममध्ये 5 मोल. ऑक्सिजनचा 32 ग्रॅमचा, म्हणजे एकच. समीकरण सांगतं, दोन हायड्रोजनला एक ऑक्सिजन. तर संपतो ऑक्सिजन. पाणी 2 मोल, 36 ग्रॅम, आणि 6 ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो. 36 आणि 6 मिळून 42, सुरुवातीलाही 42. हा ताळा तिला फार आवडला. वर्षभर जे नाव ऐकून ती घाबरत होती, ते लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा पदार्थ, तिच्या स्वयंपाकघरातली भाजी निघाली.

बाकीच्या चुकाही अशाच होत्या. 500 मिलिलिटर द्रावणात 4 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, तर मोलॅरिटी, म्हणजे एका लिटर द्रावणातले मोल, किती? मोल तिने बरोबर काढले होते, 0.1. मग भागलं 500 ने. अर्ध्या लिटरने भागलं असतं तर 0.2 आलं असतं. आणि एक चूक तिची नव्हतीच. वहीत एका मोल वायूचं आकारमान 22.4 लिटर, क्लासच्या टेस्टमध्ये 22.7. आपणच चुकीचं उतरवून घेतलं, असं ती धरून चालली होती. दोन्ही आकडे शून्य अंश सेल्सिअसचेच, फक्त पहिला 1 अॅटमॉस्फिअर दाबाला आणि दुसरा 1 बारला. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रमाण दाब 1982 मध्ये बदलला, पण जुना आकडा अजून सगळीकडे फिरतो. प्रश्नात दाब कोणता दिलाय ते बघ, एवढंच सांगायचं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

आईला मी स्पष्ट सांगितलं: मोबाइलचा प्रश्न असेल-नसेल, पण केमिस्ट्री त्यामुळे अडलेली नाही. आणि पहिल्या पानापासून ‘सगळं पुन्हा’ करायला लावू नका. त्याने मुलं चौथ्या दिवशी थकतात. तीन आठवडे, रोज चाळीस मिनिटं, फक्त चुकलेली गणितं, आणि प्रत्येकाखाली एक ओळ: नेमकं कुठे पाय घसरला. अकरावीची वही रद्दीत द्यायची नाही, सीईटीत साधारण 20 टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाचा असतो. कॅल्क्युलेटरही लपवा, बोर्डाच्या पेपरला तो चालत नाही. लॉग टेबलची सवय आत्ताच हवी.

पुढच्या चाचणीत 13 मिळाले. आईला ते कमी वाटले. मला वाटले नाहीत, कारण आता ती वही स्वतःहून उघडत होती.

शेवटच्या भेटीत ती भांडायच्या तयारीत आली. ‘मॅडम, 10⁻⁸ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल. सूत्राने पीएच 8 येतो. पण आम्लाचा सामू सातच्या वर, 8 कसा असेल? पाणी मिसळून मिसळून ते आम्लारी होणार का?’

सामू! पीएचचा शाळेतला शब्द परत आला होता. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, त्या ग्लासात आम्लाशिवाय आणखी काय आहे, ते शोधून ये.

रात्री अकराला आईच्या मोबाइलवरून मेसेज आला: ‘पाणी!! पाण्याचे स्वतःचे 10⁻⁷ मोलार हायड्रोजन आयन असतात ना. म्हणून सामू सातपेक्षा किंचित कमी.’

त्याखाली लगेच दुसरा: ‘मॅडम, मी आई. पहाटे चारला पोळ्यांना उठायचंय आणि ही अजून जागी आहे. ओरडू का?’